बाबांचं खालचं कोर्ट

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी इथे नीट पोचले, वेळेवर जेवते, झोपते. हे आधी आईला सांग आणि मग पुढचं वाच, नाहीतर ती नुसती तुझ्या तोंडाकडे बघत बसेल.

आता एक गंभीर गोष्ट. आपल्या काचेच्या दुकानासमोरच्या औषधवाल्या काकांचं मला अभिनंदनाचं कार्ड आलं आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, न्यायाधीशबाईंस. भिंगरी, हे बाबांचंच काम. त्यांनी गल्लीत ज्याला ज्याला सांगितलं असेल त्या प्रत्येकाकडे जाऊन सांग की मी न्यायाधीश नाही. मी जिल्हा न्यायालयात कनिष्ठ कारकून आहे, तीही कच्ची. काम पाहून मग कायम करतील. माझ्या हातात निकाल नसतो, निकालाची फाइल असते. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेताना माझा जीव टांगणीला लागतो, की एखादा कागद वाटेत पडेल आणि कुणीतरी निर्दोष माणूस अडकेल. घरात पहिली शाळेत गेलेली म्हणून तुम्ही मला मास्तरीण म्हणता, ते मी आजवर सोसलं. न्यायाधीश मात्र नको. तो बहुतेक गुन्हाच आहे. कलम शोधून कळवते.

बाबांना सांग, कोर्ट म्हणजे एक खोली आणि एक हातोडा नव्हे. हातोडा तर कुठेच नाही, मी सगळीकडे पाहिलं. तळमजल्यावर खालची कोर्टं आहेत. भिंत कुणाची, करार कुणी मोडला, ही भांडणं दिवाणी कोर्टात. कुणी मारलं, कुणी चोरलं, ही फौजदारी कोर्टात. नवराबायकोंची, कामगार-मालकांची कोर्टं अंगणापलीकडच्या वेगळ्या इमारतीत. खालचा निकाल पटला नाही की वरच्या मजल्यावर जिल्हा न्यायालयात अपील. तिथेही पटलं नाही तर उच्च न्यायालय. ते सबंध राज्याला एकच, दुसऱ्या शहरात. ते अपीलं ऐकतं, शिवाय खालची सगळी कोर्टं नीट चालतात ना, कोण कुठे बसतं, कुणाचं काम तुंबलंय, यावर नजर ठेवतं. त्याच्यावर देशाचं सर्वोच्च. आणि त्याच्यावर फक्त आभाळ.

पहिल्याच दिवशी माझी काय फजिती झाली ती कुणाला सांगू नको. मला एक फाइल दिली आणि सत्र न्यायाधीशांकडे न्यायला सांगितली. दारावर पाटी होती जिल्हा न्यायाधीशांची. आत बाई बसल्या होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी अदबीने विचारलं की सत्र न्यायाधीश कुठे बसतात. बाईंनी मला बसायला सांगितलं, म्हणाल्या ते येतीलच थोड्या वेळात. मी बसले. बाईंनी आपलं दिवाणी काम संपवलं, टेबलावरचे कागद बाजूला केले, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या की आले बरं का सत्र न्यायाधीश, द्या फाइल. खुर्ची एकच, माणूसही एकच. दिवाणी काम करताना जिल्हा न्यायाधीश आणि फौजदारी करताना सत्र न्यायाधीश! आमचे मोठे कारकून, त्यांना शिरस्तेदार म्हणतात, ते अजून मला पाहिलं की दोन नमस्कार करतात.

तुझ्या त्या लिफ्ट दुरुस्तीच्या शाळेचं काय झालं ते लगेच कळव. आईला आणि ती. बाबांना सा. न. माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेव, त्यात खाडाखोड करू नको.

तुझी,
ताई

*

दि. ९ मार्च

ती. सौ. नसलेल्या पण सत्र न्यायाधीश शोधून काढणाऱ्या ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी फजिती मी कुणालाही सांगितली नाही. फक्त पत्र मोठ्याने वाचलं, तेव्हा दुकानात आई, बाबा, आत्या, औषधवाले काका आणि आरसा न्यायला आलेला न्हावी एवढेच होते. माझा काय दोष?

आता माझं ऐक. शाळेत माझा नंबर लागला! तुझ्याच शहरात, वसतिगृह नाही, पण तुझ्या खोलीत एक गादी मावतेच. दहा एप्रिलला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. इस्पितळाच्या खिडक्यांना काचा बसवताना मी त्या बाईंना पाहिलं होतं ना, लिफ्टच्या पोकळीत दोरावर उभ्या राहून आरामात शीळ घालत पाना फिरवणाऱ्या, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. मला त्या पोकळीत उभं राहायचंय आणि शीळ घालायचीय. शीळ मी आधीच शिकले. आई वैतागलीय.

बाबांना सांगितलं. ते काच कापत होते. मानही वर न करता म्हणाले, नाही. मी विचारलं का, तर म्हणाले नाही म्हणजे नाही, आणि ती पाच मिलिमीटरची काच इकडे आण.

ताई, मी रडणार होते. पण तुझं पत्र खिशात होतं. मी म्हटलं, ठीक आहे, मी अपिलात जाते. बाबा खूश झाले. त्यांना तुझी ती कोर्टांची उतरंड फार आवडलीय. म्हणाले जा खुशाल, सर्वोच्च मीच आहे. मी म्हटलं ते कसं चालेल, ज्याने पहिला निकाल दिला ते खालचं कोर्ट. तुम्ही घाईघाईने आधी नाही म्हणालात. तेव्हा बाबा, तुम्ही तळमजला.

त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस. काच कापायची हिरकणी हातातून सटकली. हे दुकान त्यांचं, वरचं घर त्यांचं, आणि पोरगी त्यांना तळमजला म्हणते! औषधवाल्या काकांकडे दाद मागायला गेले. काका म्हणाले की कायद्याने मुलीचं बरोबर आहे, आधी बोलला तो खाली गेला. तेव्हापासून बाबा कुठल्याच प्रश्नाला आधी उत्तर देत नाहीत. आईने चहा घेणार का विचारलं तरी म्हणतात, तू आधी बोल.

मग त्यांच्यावर कोण? आत्या. तिचा त्यांना लहानपणापासून धाक. आत्या म्हणाली, तिला वेळ नाही, लॉन्ड्रीत कपड्यांचा ढीग पडलाय, पण कोणी विचारलंच आहे तर ती न्याय देईल. ती लगेच आली. बाबा तेव्हा दाढी करत होते. तिने दारातूनच हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे. त्यामुळे माझी अर्धी भरलेली बॅग पलंगावर तशीच आहे आणि आई तिला वळसा घालून झोपते. बाबांचा उजवा गालही जैसे थे ठेवावा असा मी अर्ज केला होता, पण तो फेटाळला गेला.

आईचं म्हणशील तर तिला आम्ही पुकाऱ्याला ठेवलंय. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमची नावं तीनदा ओरडते. तसं ती आधीपासूनच करायची.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि गादीचं माप घेऊन ठेव.

तुझी अपिलकर्ती,
भिंगरी

*

दि. १४ मार्च

चि. मास्तरणीस,
आत्याचे आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून मी सांगते आणि भिंगरी लिहिते. (मी लिहितेय. सुवाच्य आहे ना?) निकाल लागला. तुझ्या कानावर घालते.

मी दोन्ही बाजू बघितल्या. तुझ्या बापाची बाजू मला लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे ती ऐकण्यात वेळ घालवला नाही. तो पाच वर्षांचा असल्यापासून आधी नाही म्हणतो आणि मग आईच्या पदराआड जाऊन विचार करतो. भिंगरीची बाजू लॉन्ड्रीत ऐकली. ऐकता ऐकता माझं कपडे पिळायचं यंत्र बंद पडलं. मेलं गेल्या महिन्यापासून खोकत होतं. पोरीने ते उघडलं, आत हात घातला, काहीतरी केलं आणि ते असं फिरायला लागलं की वरची साबणाची वडी पलीकडच्या बाईच्या अंगणात गेली. (पट्टा सैल होता. एवढंच.) त्याच क्षणी मी निकाल दिला. जिच्या हातात यंत्र असं पाळलेल्या मांजरासारखं वागतं, तिने काचा पुसत बसायचं? ती जाणार. (ती जाणार!) एकदाच लिही ग. (ती जाणार!!)

तुझ्या बापाला सांगितलं तर तो म्हणतो, मास्तरणीला विचारा हे नियमात बसतं का. म्हणून लिहिते. बसतं असं लवकर कळव. तुझ्या कॉलरी कोण धुतं तिकडे? शाई लागली तर चोळू नको.

तुझ्यावर जीव आहे, तो असाच इस्त्री केलेला राहील. तू मात्र पत्र टाकत जा.

आत्या

*

दि. १८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला इतका आनंद झाला की मी खोलीत एकटीच दोनदा गोल फिरले. मग पुन्हा वाचलं आणि फिरायची थांबले.

आत्या, रागावू नकोस. तू नियमात बसतं का असं विचारलंस म्हणून सांगते. विचारलं नसतंस तर देवाशपथ गप्प बसले असते. पण विचारल्यावर मला खोटं सांगता येत नाही, तू ओळखतेसच. मी रात्रभर कूस बदलत होते.

एक तर अपिलात वरचं कोर्ट खाली जे मांडलं गेलं त्याचे कागद बघतं. नवा पुरावा तिथे सहसा घेत नाहीत. पिळायचं यंत्र खाली बाबांसमोर आलंच नव्हतं. बरं, आलं तर आलं, पण ते यंत्र न्यायाधीशांचं स्वतःचं! प्रकरण चालू असताना पक्षकाराने न्यायाधीशाचं यंत्र दुरुस्त करून द्यायचं, तेही फुकट, याला आमच्याकडे जे म्हणतात तो शब्द मी पत्रात लिहू शकत नाही. शिरस्तेदारांना मी एका काल्पनिक आत्याचं उदाहरण म्हणून विचारलं, तर ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

दुसरं, बाबांना ऐकलंच नाही. तिसरं, निकाल अपिलकर्तीच्या हातचा. ज्याचं भांडण त्यानेच निकाल लिहायचा असेल तर एवढी मोठी इमारत कशाला बांधली असती?

तेव्हा, माझ्या मते, हा निकाल टिकत नाही. मला फार वाईट वाटतंय. पण यात सुधारणा करता येईल, मी विचारून कळवते. तोवर तुम्ही कुणी काही बोलू नका, विशेषतः बाबांना हे पत्र दाखवू नका.

घाईत आहे, तुझी माया माझ्यावर घाईतही असू दे.

तुझी,
मास्तरीण

*

दि. २२ मार्च

कनिष्ठ कारकून, जिल्हा न्यायालय, यांस,
नमस्कार. विनंती काही नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी बाहेर काच बसवायला गेले होते. आत्या लॉन्ड्रीत. पत्र बाबांच्या हातात पडलं. त्यांना वाचता येत नाही, पण धीरही धरवत नाही, म्हणून ते औषधवाल्या काकांकडे घेऊन गेले आणि काकांनी ते दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बाबांना दाखवू नका या वाक्यासकट वाचलं.

मी परत आले तेव्हा बाबा शिट्टी वाजवत होते. माझी शीळ!

आत्या लाच या शब्दावर अडून बसलीय. तू लिहिला नव्हतास, पण काकांनी समजावून सांगितला. तिने कपडे पिळायचं यंत्र दुकानात आणून ठेवलंय आणि म्हणते की पोरीने पट्टा पुन्हा सैल करून द्यावा, तिला कुणाचे उपकार नकोत. यंत्र काचा उभ्या ठेवायच्या घोडीला टेकून उभं आहे. बाबा म्हणतात, आता उच्च न्यायालय कोण, तर मास्तरीणच. तीच सांगेल की खालच्या कोर्टाचा निकाल कायम.

जगातल्या बहिणी बहिणीसाठी खोटं बोलतात. निदान गप्प बसतात. माझ्या वाट्याला तू आलीस. दहा एप्रिलला किती दिवस राहिले ते मोज, तुला मोजायला आवडतं.

लोभाचं नंतर बघू.

भिंगरी

*

दि. २५ मार्च

प्रिय आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र औषधवाल्या काकांनी वाचून दाखवावं, पण घरात, दार लावून. काका, कृपा करा.

आई, भिंगरीने मला नमस्कार लिहिलाय. नुसता नमस्कार. मला जेवण गेलेलं नाही. तिचं खरं आहे, आणि माझंही खरं आहे, आणि दोन खरं एका घशात मावत नाहीत.

बाबांना सांग, मी उच्च न्यायालय होऊ शकत नाही. मी एका पक्षकाराची बहीण, दुसऱ्याची मुलगी आणि न्यायाधीशबाईंची भाची. माझ्यासारखीने या प्रकरणापासून चार हात लांब राहायचं असतं. शिवाय मी कारकून आहे.

मग मी विचार करत बसले की आपल्या घरी उच्च न्यायालय आहे तरी कोण. आणि मला माझाच राग आला. कोण कुठे बसेल, कुणाचं ताट आधी, कोण आज जास्त चिडलंय म्हणून त्याच्याशी आज कुणी बोलायचं नाही, बाबांचं कुठलं काम तुंबलंय, आत्याला कधी बोलवायचं आणि कधी परत पाठवायचं, हे सगळं कोण बघतं? आम्ही तुला पुकाऱ्याला उभं केलं. आई, तू उच्च न्यायालय आहेस. पहिल्यापासून आहेस, फक्त कुणी वर बघितलं नाही.

आता तुला काय करता येतं ते सांगते. मी शिरस्तेदारांना पुन्हा विचारलं (ते म्हणाले काल्पनिक आत्या बरी आहे ना). वरच्या कोर्टाला वाटलं की खाली नीट ऐकलंच गेलं नाही, तर कधी कधी ते स्वतः हो किंवा नाही म्हणत बसत नाही. ते प्रकरण परत खाली पाठवतं, की पुन्हा ऐका, या वेळी नीट. खालच्या कोर्टाला मग दोन्ही बाजू पूर्ण ऐकाव्या लागतात, मध्ये न बोलता. आणि निकालात कारणं द्यावी लागतात. कारण नसलेला निकाल हा निकालच नव्हे. बाबांनी त्या दिवशी नाही म्हटलं ते काच खाली ठेवल्यावर होतो तसा नुसता आवाज होता.

एवढंच मी सांगू शकते. पुढे तुझ्या मनाला येईल तसं कर. आत्याला म्हणावं यंत्राचा पट्टा सैल करू नको, मी चुकले तर मला बोल, यंत्राला कशाला शिक्षा. भिंगरीला म्हणावं, गादीचं माप घेतलंय. खिडकीखाली बसते, थोडी दुमडावी लागेल.

तू मला रागावलीस तरी चालेल, पण मायेचा तुटवडा करू नकोस.

तुझी,
मास्तरीण

*

दि. ३१ मार्च

प्रिय, अतिप्रिय, चुकीच्या वेळी खरं बोलणाऱ्या ताईस,
सा. न. वि. वि. आणि वर एक मिठी, ती पाकिटात मावली नाही.

काकांनी पत्र वाचून संपवलं. आईने पत्राची घडी घालून ते कमरेला खोचलं. मग उठली, हात पुसले आणि म्हणाली की तिला हे ठाऊकच होतं, पण कुणीतरी शाळेत शिकलेलं म्हणायला हवं होतं. आणि लगेच हुकूम सुटला: रविवारी सकाळी, दुकानातच, फेरसुनावणी. शटर अर्धं खाली. गिऱ्हाईक आलं तर उद्या या. बाबा म्हणाले इस्पितळाचं काम आहे, तर आई म्हणाली की खालच्या कोर्टाने वरच्या कोर्टाला उलट उत्तर द्यायचं नसतं. बाबा बसले.

आईने बाबांना काच कापायच्या मोठ्या टेबलामागे बसवलं. मला समोर. आत्याला बाजूच्या स्टुलावर, आणि बजावलं की ती आता नुसती प्रेक्षक आहे. आत्या म्हणाली प्रेक्षक तर प्रेक्षक, पण तोंड उघडं ठेवूनच ती श्वास घेते.

मग मी बोलले. ताई, बाबा इतका वेळ गप्प बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. सुरुवातीला त्यांना फार जड गेलं, दर दोन वाक्यांनी तोंड उघडायचे आणि आई नुसती बघायची. म्हणून त्यांनी खिडकीच्या काचेभोवती भरतात त्या मऊ लांबीचा एक गोळा हातात घेतला आणि तो मळत बसले. मी सगळं सांगितलं. पोकळी, दोर, त्या बाई, की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी त्या वरून गप्पा मारत होत्या आणि आतली माणसं हसत होती. मला तसं व्हायचंय, की माणूस अंधारात अडकलाय आणि वरून माझा आवाज येतोय. बाबांनी मळायचं थांबवलं. नंतर म्हणाले की हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटलं होतं पोरीला नुसतं शहर बघायचंय.

आता कारणं. आई म्हणाली, सांगा. बाबा म्हणाले, उंचीवरचं काम, धोक्याचं. मी म्हटलं, बाबा, मागच्या महिन्यात तुम्हीच मला पाठीवर काच बांधून तिसऱ्या मजल्याच्या शिडीवर चढवलंत. आई म्हणाली, हे कारण पडलं. मग म्हणाले राहायचं कुठे. आईने तुझी दुमडलेली गादी सांगितली. तेही पडलं. मग म्हणाले काचा कोण कापणार. आत्या म्हणाली तुझे हात काय कोणी गहाण टाकलेत, डोळ्याला चष्मा लाव, मेल्या. प्रेक्षकाला ताकीद मिळाली, पण कारण पडलंच.

मग लांबीचा गोळा पुन्हा फिरायला लागला. आई म्हणाली, घाई नाही, पण कारण द्यावं लागेल, नाहीतर निकाल देता येणार नाही.

ताई, ते माझ्याकडे न बघता बोलले. म्हणाले, संध्याकाळी शटर ओढलं की तुम्ही दोघी झाडू कुणी मारायचा यावरून भांडायचात, तेव्हा त्यांना वाटायचं कधी एकदा हे थांबतंय. तू गेलीस, मग मी त्यांच्याशीच भांडायला लागले. आता मीही गेले तर शटर ओढल्यावर दुकानात काही आवाजच उरणार नाही. एवढंच कारण आहे. दुसरं सापडत नाही.

आत्यासुद्धा तोंड मिटून श्वास घेत होती. मग मला काय झालं कोण जाणे, मी म्हणाले की मला नाही जायचं, मी माझं अपील मागे घेते.

आणि बाबा ताडकन उठले! म्हणाले, हे काय चाललंय? सगळं ऐकून झालंय, कोर्टाने इतका वेळ तोंड आवरलंय, ते काय फुकट? आता माघार नाही, पक्षकाराने आयत्या वेळी कच खायची असेल तर कोर्टात पाऊल ठेवू नये. खाली बस! मी बसले. ते आईला म्हणाले की कारण नोंदवून घ्या. आई म्हणाली, नोंदवलं. बाबा म्हणाले, हे कारण त्यांचं आहे, मुलीचं नाही. त्यांच्या कारणासाठी मुलीला थांबवता येत नाही. ती जाईल.

आत्या एवढी जोरात रडली की समोरून काका गोळी घेऊन धावत आले. मी बाबांच्या गळ्यात पडले, त्यांचे हात लांबीने बरबटलेले, माझ्या केसांत अजून आहे. आई म्हणाली आधी केस धू, मग आनंद कर. आम्ही तो क्रम उलटा केला. बॅगेवरचा जैसे थे उठला. बाबांनी स्वतः बॅग बंद केली, त्यात काय काय कोंबलं ते तिकडेच कळेल.

दहाला पोचते. स्टेशनवर येऊ नको, तू गाडी चुकेल म्हणून पहाटेपासून उभी राहशील. लोभ भरपूर ठेव, आता आपल्याला एकाच खोलीत राहायचंय, तो लागेल.

तुझी,
भिंगरी

*

दि. २१ एप्रिल

चि. मास्तरीण आणि चि. भिंगरी,
दोघींना बाबांचे आशीर्वाद.

मी सांगतो आहे, औषधवाले काका लिहीत आहेत. (प्रकृती सर्वांची उत्तम. औषधवाला.)

भिंगरीचं पत्र पोचलं. पोकळीत पहिल्यांदा उतरली तेव्हा पाय कापले म्हणते. कापू देत. माझे अजून शिडीवर कापतात, तुमच्या आईला सांगितलेलं नाही. (आता सांगितलं. त्या इथेच उभ्या आहेत.) मास्तरीण, ती गादी दुमडू नको, आखूड झाली तर मी काचांची एखादी रिकामी पेटी आणून जोडून देतो, पण पोरीचे पाय सरळ राहू देत. रात्री दोघी भांडता का? भांडत जा. झाडू कुणी मारला ते कळवत जा.

इकडची गंमत अशी. तुम्हाला वाटत असेल शटर ओढल्यावर मी अंधारात सुस्कारे सोडत बसलो असेन. तशी तयारी मी केली होती. पहिल्या दिवशी खुर्ची मांडून बसलोही. तेवढ्यात न्हावी आला आणि पाठोपाठ शेजारचा शिंपी. न्हाव्याच्या आरशातला उजेड शिंप्याच्या डोळ्यांत जातो, यावरून त्यांचं वाजलं होतं. म्हणाले, तुमच्याकडे आधी पूर्ण ऐकून घेतात असं कळलं. मी म्हटलं ते एकदाच झालं, पोरीच्या वेळी. पण आले होते, मग ऐकलं. मध्ये बोललो नाही. लांबीचा गोळा हातात ठेवला. दोघांनी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांनाच कळलं की आरसा चार बोटं कलता केला तरी भागतं. मी तो कलता केला. दुसऱ्या दिवशी दोन सासवा आल्या. परवा तर रांग होती. (मी स्वतः तीन नंबरला होतो. प्रकरण लिहिण्यासारखं नाही.) तुमच्या आईने शटरजवळ बाक टाकला आहे आणि ती पुकारा करते. मी म्हटलं तू वरचं कोर्ट, तू कशाला ओरडतेस. म्हणाली, तिला आवडतं.

तुमची आत्या रोज येते. मी दिलेला प्रत्येक निकाल तिला चुकीचा वाटतो. लोकांना बाहेर गाठून सांगते की अपील कर, अपील कर, मी वरच आहे, दोन गल्ल्या सोडून. अजून एकही गेला नाही. ती त्यामुळे फार खट्टू आहे. तिला एखादं पाठवून द्यावं असा विचार आहे. मुद्दाम एक चुकीचा निकाल देईन. (शिंप्यासाठी दिला तरी चालेल.)

मास्तरीण, तुझ्या पत्रावरून भिंगरीने मला खालचं कोर्ट केलं तेव्हा मला राग आला होता. खरंच आला होता. आता तुला एक विचारतो, तुला शिक्षण आहे, तूच सांग. वरच्या कोर्टात म्हणे नुसते कागद जातात. मग माणसं कुठे जातात? माणसं आधी इथेच येतात, घाम पुसत, आवाज चढवत, एकाच वेळी दोघं बोलत. ते सगळं ऐकायला कोणीतरी तळमजल्यावर हवं ना. तेव्हा आता कोणी मला सर्वोच्च करतो म्हटलं तरी मी जायचा नाही. तिथे फार शांत असेल.

पत्र लांबलं, आणि बाहेर बाकावर आवाज वाढला आहे. तुमची आई तिसऱ्यांदा कुणाचं तरी नाव ओरडते आहे. जातो. म्हातारपणी बापावर लोभ ठेवावा ही विनंती आहे, हुकूम नव्हे. पण नाकारायची असेल तर कारणं लेखी द्यावीत.

तुमचा,
बाबा

(पत्र वाचून झाल्यावर दोघींनी हसावे, पोट भरून. औषधवाला.)